डाव्या कोपऱ्यातले ठिपके

१३ सप्टेंबर २०१२ रोजी निकॉनने डी६०० जाहीर केला आणि पैसे साठवून बसलेल्या हौशी छायाचित्रकारांचे हिशेब एकदम बदलले. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा ‘फुल फ्रेम’ सेन्सर हवा असेल, तर तोवर बहुतेक वेळा व्यावसायिकांच्या कॅमेऱ्याची किंमत मोजावी लागे. निकॉनचाच डी८०० त्या वर्षी अमेरिकेत ३००० डॉलरला होता. डी६००ची बॉडी २१०० डॉलरला आली. त्यात २४.३ मेगापिक्सेल, ३९ फोकस बिंदू, दोन मेमरी कार्डांची सोय, सेकंदाला साडेपाच फ्रेम आणि बॅटरी सोडून ७६० ग्रॅम वजन. चारच दिवसांनी कॅननने ६डी आणला. त्याची किंमत तेवढीच होती, पण मेगापिक्सेल २०.२ आणि फोकस बिंदू अवघे ११. कागदावर तरी निकॉनचे पारडे जड होते.

२१०० डॉलर ही काही थोडकी रक्कम नव्हे. तरीही कॅमेऱ्यांच्या उतरंडीत डी६०० मधलाच. खालच्या टोकाला डी३२०० घेऊन शिकणारा नवखा, वरच्या टोकाला सहा हजार डॉलरचा डी४ घेऊन मैदानाच्या कडेला बसणारा वृत्तपत्राचा छायाचित्रकार. या दोघांना काय हवे ते कंपनीला नेमके ठाऊक असते. मधल्या कॅमेऱ्याला मात्र दोन निराळी गिऱ्हाइके सांभाळावी लागतात. एक, नवखेपण सरल्यावर वरची पायरी चढू पाहणारा हौशी. दुसरा, खर्चाला हात आखडून धंदा करणारा व्यावसायिक. पहिल्याला कोकणकड्यावरची सकाळ टिपायची असते. दुसऱ्याला मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत नवरीच्या डोळ्यांवर फोकस हवा असतो. दोघे एकच यंत्र विकत घेतात आणि दोन वेगळी यंत्रे वापरतात, असे म्हटले तरी चालेल.

तक्रारी पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झाल्या. फोटोतल्या आकाशात बारीक काळे ठिपके दिसत होते, आणि बहुतेकांच्या फोटोत ते वरच्या डाव्या बाजूलाच दाटलेले. सेन्सरवर धूळ बसणे नवे नाही. ज्या कॅमेऱ्याची लेन्स काढता-घालता येते त्यात आज ना उद्या धूळ शिरतेच, म्हणून तर डी६००मध्ये सेन्सरवरच्या काचेला सूक्ष्म कंपने देऊन धूळ झटकण्याची यंत्रणाही होती. पण इथले ठिपके लेन्स एकदाही न बदलता येत होते. काही ठिपके ब्लोअरची हवा मारून उडतच नव्हते. घासले तर पसरत, जणू तेलकट असावेत.

याच वेळी दुसरी मंडळी छातीठोकपणे सांगत होती की कॅमेरा अप्रतिम आहे, डाग वगैरे काही नाही. लग्नामागून लग्ने केली, सगळे फोटो स्वच्छ. तक्रार करणारे लेन्स बदलताना निष्काळजीपणा करत असतील, नाहीतर धुळीत फिरत असतील. या बाजूचा सूर थोडा उपदेशाचाच होता.

दोघेही खरे बोलत होते. फरक बऱ्याच अंशी ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या आकाराचा होता.

सेन्सरवर काचेचा पातळ फिल्टर असतो. धूळ बसते ती त्या काचेवर. प्रत्यक्ष सेन्सरवर पडते ती तिची सावली. लेन्सचे ॲपर्चर मोठे उघडले, समजा एफ/२.८, की प्रकाश रुंद शंकूच्या आकारात चहूबाजूंनी येतो आणि कणाची सावली पसरून विरते. ॲपर्चर एफ/१६पर्यंत बारीक केले की किरण जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि सावली रेखीव उमटते. ढोबळ हिशेब करून पाहता येतो. कण सेन्सरपासून मिलिमीटरभर वर आहे असे धरले, तर एफ/२.८वर त्याच्या सावलीची कड साधारण ०.३६ मिलिमीटर, म्हणजे डी६००च्या साठेक पिक्सेलांइतकी पसरते. एफ/१६वर तीच कड दहाएक पिक्सेलांत मावते. पहिल्या फोटोत डोळ्याला काही कळत नाही. दुसऱ्यात निळ्या आकाशावर चक्क ठिपका दिसतो.

आता गिऱ्हाइकांकडे पुन्हा पाहा. लग्नाचा छायाचित्रकार बंद हॉलमध्ये, कमी उजेडात, एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या ॲपर्चरवर काम करतो. मागे फुलांची आरास, झुंबरे, शालू आणि गर्दी. असल्या पार्श्वभूमीवर एखादा ठिपका असला तरी तो शोधायला कुणाला सवड नसते. निसर्गाचे फोटो काढणाऱ्याचे नेमके उलट. पायाजवळच्या कारवीपासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळे सुस्पष्ट हवे म्हणून तो एफ/११, एफ/१६ वापरतो आणि वरचा तिसरा हिस्सा मोकळ्या आकाशाला देतो. दोघांचे कॅमेरे अगदी सारखेच डागाळलेले असले तरी एकाला ते कधीच कळले नसते आणि दुसऱ्याला पहिल्याच सहलीत कळले असते. तेव्हा कुणी कॅमेऱ्याबद्दल अनुभव सांगू लागला की कॅमेऱ्याला किती तारे द्यायचे हे विचारण्याआधी तो फोटो कशाचे काढतो हे विचारावे. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

वैयक्तिक अनुभवांच्या या रस्सीखेचीत एक साक्ष मात्र वजनदार ठरली. अमेरिकेतली लेन्सरेंटल्स ही कंपनी कॅमेरे भाड्याने देते, त्यामुळे तिच्याकडे एकाच मॉडेलचे अनेक नग असतात आणि प्रत्येक नग परत आल्यावर तपासून साफ केला जातो. ऑक्टोबर २०१२मध्ये या कंपनीने जाहीरपणे सांगितले की आपल्याकडचे डी६०० इतर कॅमेऱ्यांपेक्षा जास्त घाण होऊन परत येतात आणि डाग वरच्या डाव्या भागात एकवटलेले असतात. एका मालकाचे रडगाणे झटकून टाकता येते. एका मॉडेलच्या पुष्कळ नगांची एकसारखी खोड मोजणाऱ्याची साक्ष तशी झटकता येत नाही. पाठोपाठ एकाने नव्या कोऱ्या डी६००वर लेन्स न बदलता हजार फ्रेम काढून त्यांची चित्रफीत जोडली. काही सेकंदांत स्वच्छ चौकटीवर एकेक ठिपका उमटत जाताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला.

संशय शटरवर होता. लेन्समधून येणारी प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते, त्यामुळे फोटोतला वरचा भाग म्हणजे सेन्सरचा खालचा भाग. तिथेच नेमाने काहीतरी पडत असेल तर ते बाहेरून आले नसून आतल्याच एखाद्या हलत्या भागातून उडत असावे, हा तर्क सरळ होता. शटरच्या पात्या दर क्लिकला सेकंदाच्या छोट्याशा भागात सरकतात आणि थांबतात. शटर दीड लाख क्लिकपर्यंत चालावे अशा बेताने तपासले असल्याचे निकॉन सांगत असे. काही मालकांचा अनुभव असा की पहिल्या काही हजार क्लिकनंतर डाग पडणे कमी झाले. इतरांचे मात्र थांबलेच नाही. इथेही अनुभव दुभंगला, आणि या वेळी ॲपर्चरवर बोट ठेवता येत नव्हते.

निकॉनने फेब्रुवारी २०१३मध्ये जो खुलासा केला तो वाचून तक्रारदारांचे समाधान होणे अवघडच होते. धूळ पूर्णपणे टाळता येत नाही. क्वचित काही कॅमेऱ्यांत ठिपके अधिक दिसू शकतात. माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ब्लोअरने सेन्सर साफ करावा. तरी न गेल्यास सर्व्हिस सेंटरला दाखवावे. मग सर्व्हिस सेंटरच्या खेपा सुरू झाल्या. कॅमेरा साफ होऊन येई, महिन्याभरात पुन्हा डाग. काहींचे शटर बदलून मिळाले आणि त्यांचा प्रश्न मिटला. काहींना नुसती सफाई करून परत पाठवले. म्हणजे कॅमेरा कसा निघाला याबरोबरच कोणत्या काउंटरवर कोण भेटला यावरही मालकाचे मत ठरू लागले.

८ ऑक्टोबर २०१३ रोजी निकॉनने डी६१० आणला. तेरा महिन्यांत नवे मॉडेल काढणे या वर्गातल्या कॅमेऱ्यांच्या रिवाजात बसणारे नव्हते. सेन्सर तेवढ्याच मेगापिक्सेलचा, बॉडी तीच. बदल म्हणजे नवी शटर यंत्रणा, सेकंदाला सहा फ्रेम, आवाज कमी करणारा एक सावकाश मोड आणि किरकोळ सुधारणा. डागांबद्दल एक अक्षर नाही. नवे शटर कशासाठी ते सांगायची गरज कुणालाच नव्हती. ज्यांनी काही महिन्यांपूर्वी डी६०० घेतला होता त्यांच्या हाती डागांबरोबर उतरलेली पुनर्विक्रीची किंमतही आली.

अखेर २६ फेब्रुवारी २०१४ रोजी कंपनीने मान तुकवली. वॉरंटी संपली असली तरी डी६०० तपासून, साफ करून, शटर आणि संबंधित भाग फुकट बदलून देऊ, येण्याजाण्याचा खर्चही आमचा, असे जाहीर झाले. कॅमेरा बाजारात येऊन सतरा महिने झाले होते. तरी प्रकरण मिटले नाही. १५ मार्च हा जागतिक ग्राहक दिन. त्या दिवशी चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर दरवर्षी कंपन्यांचे वाभाडे काढणारा कार्यक्रम होतो आणि मोठमोठे परदेशी ब्रँड त्याला वचकून असतात. २०१४ साली निकॉन त्या यादीत होता. पुन्हा पुन्हा दुरुस्ती करूनही डाग न गेलेले चिनी ग्राहक पडद्यावर आले आणि लगोलग शांघायच्या प्रशासनाने डी६००ची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. त्याच महिनाअखेर निकॉनने जाहीर केले की अनेकदा दुरुस्ती करूनही डाग पडत राहिले तर कॅमेरा बदलून मिळेल. काही मालकांच्या हाती अशा रीतीने डी६१० पडला. दीड वर्षाच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते ते चीनमधल्या एका रात्रीच्या कार्यक्रमानंतर महिन्याभरात झाले, हा योगायोग मानायचा तर मानावा.

मग डी६०० वाईट कॅमेरा होता का? मुळीच नाही. त्याचा सेन्सर त्या काळातल्या उत्तम सेन्सरांपैकी होता. डीएक्सओमार्कच्या चाचणीत त्याला ९४ गुण होते, डी८००च्या एकच पायरी खाली. काळोख्या सावलीतला तपशील संगणकावर उजळून काढला तरी चित्र किरकिरे होत नसे, आणि आकाश व दरी एकाच फ्रेममध्ये सांभाळू पाहणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. गंमत म्हणा किंवा दैव, ज्या निसर्ग-छायाचित्रकाराला या सेन्सरचा सर्वांत जास्त फायदा होता, त्यालाच डागांचा सर्वांत जास्त जाच होता.

निकॉनने पुढचा मधला कॅमेरा, डी७५०, सप्टेंबर २०१४मध्ये आणला, आणि तुलनेसाठी तो फार बोलका आहे. ५१ फोकस बिंदू, अंधुक उजेडातही पकडणारा फोकस, कलणारा स्क्रीन. लग्नवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. महाराष्ट्रातही अनेक स्टुडिओंत वर्षानुवर्षे तोच चालत राहिला. पण हा निर्दोष होता असे समजू नये. फ्रेमच्या वरच्या कडेबाहेर प्रखर दिवा असला की उजेडाच्या पट्ट्याला मध्येच कापल्यासारखी काळी कड येते, अशी तक्रार त्याच वर्षाअखेर आली. यावेळी कंपनीने काही आठवड्यांतच ती मान्य केली आणि जानेवारी २०१५पासून मोफत दुरुस्ती सुरू केली. दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉड सॉकेटच्या आत एक काळी खूण असे, म्हणजे विकत घेणाऱ्याला दुकानातच खात्री करता येई. जुलै २०१५मध्ये काही काळात बनलेल्या डी७५०चे शटर सदोष असल्याचे निघाले आणि पुढे त्या यादीची कक्षा वाढवावी लागली. दोष मोजायचे तर डी७५०चे अधिक भरतील. नाव मात्र डी६००चेच खराब झाले. लोकांनी दोषापेक्षा दोषानंतरच्या टाळाटाळीचा राग जास्त धरला, असाच याचा अर्थ दिसतो.

इतर कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. कॅननच्या २००५ सालच्या ५डीमधला आरसा क्वचित सुटून पडत असे. २००९मध्ये कंपनीने तो फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. २०१७च्या ६डी मार्क टूबद्दल तर वादच वेगळा. त्यात मोडणारे काही नव्हते, पण कमी आयएसओवर सावल्या उजळून काढण्याची त्याची कुवत प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी होती आणि ४५ फोकस बिंदू फ्रेमच्या मध्यातच दाटले होते. सहकुटुंब फिरायला जाणाऱ्याने त्याच्यावर प्रेम केले. सूर्योदय टिपणारा चिडला.

फोकस चुकण्याची तक्रार मात्र प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक डीएसएलआरला लागू पडते, आणि तिच्याबाबत दुकानदारांचा ठेवणीतला शब्द आहे: ‘पीस’. पीस चांगला लागला, पीस खराब लागला. ऐकणाऱ्याला वाटते की हा नशिबाचा भाग. थोडा आहेही. डीएसएलआरमध्ये प्रकाश आधी आरशावर पडतो. मुख्य आरसा बराचसा प्रकाश वर, डोळा लावण्याच्या खिडकीकडे पाठवतो. त्याच्या मागचा छोटा दुसरा आरसा उरलेला प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळातल्या फोकस मापकाकडे वळवतो. फोकस जुळल्याचा निर्णय हा मापक घेतो, फोटो मात्र सेन्सरवर उमटतो. लेन्सपासून मापकापर्यंतचे आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे असेल तरच दोघांचे एकमत होते. कारखान्यात कितीही काटेकोर जुळवणी केली तरी थोडी तफावत राहते, आणि लेन्सचीही स्वतःची तफावत असते. दोन्ही एकाच दिशेला पडल्या की बेरीज होते. विरुद्ध दिशेला पडल्या की एकमेकींना खातात. म्हणून तीच बॉडी एका लेन्सबरोबर काटेरी तीक्ष्ण फोटो देते आणि दुसरीबरोबर डोळ्याऐवजी कानावर फोकस करते. याला ‘बॅक फोकस’ म्हणतात. नाकाच्या शेंड्यावर गेला तर ‘फ्रंट फोकस’.

कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स वापरणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण तिचे ॲपर्चर लहान आणि स्पष्ट दिसणारा पट्टा रुंद. पण हौस वाढली, ८५ मिलिमीटर एफ/१.८ घेतली, दोन मीटरवरून कुणाचा चेहरा टिपला, की फुल फ्रेमवर स्पष्टतेचा पट्टा उरतो जेमतेम सहा सेंटिमीटर. तिथे लपायला जागा नाही. मधल्या वर्गाच्या कॅमेऱ्यांत यावर उपाय असतो. मेनूमध्ये प्रत्येक लेन्ससाठी उणे २० ते अधिक २० अशी बारीक दुरुस्ती करून ठेवता येते, आणि निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकेतल्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही सोय नसते. वरच्या पायरीचे पैसे कशासाठी मोजले याचे हे एक ठोस उत्तर. दुर्दैवाने, किती मालक हा मेनू कधी उघडतात हा प्रश्नच आहे. कॅमेरा परत करण्याआधी किंवा शिव्या देण्याआधी ट्रायपॉडवर ठेवून, तिरकी पट्टी समोर मांडून दहा मिनिटे घालवली तर अर्ध्या तक्रारी घरीच निकालात निघतील.

आपल्याकडे अनुभव आणखी एका कारणाने बदलतो: बिल. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांग आहे. अशा बाजारांत एकाच मॉडेलचे दोन भाव ऐकू येणे नवलाचे नाही, एक कंपनीच्या वॉरंटीसह आणि एक दुकानाच्या शब्दासह. दुसरा माल नकली नसतो. तो दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि अधिकृत वाटेने न आलेला असतो. अमेरिकेतल्या भाच्याने सुट्टीत येताना आणलेला कॅमेराही वॉरंटीच्या दृष्टीने फारसा वेगळा नाही, कारण बॉडीची वॉरंटी बहुतांशी जिथे विकली त्या देशापुरती असते. निकॉनची अमेरिकन शाखा तर अनधिकृत मार्गाने आलेल्या कॅमेऱ्याची पैसे देऊनही दुरुस्ती करत नाही. सगळे सुरळीत चालले तर वाचलेले पैसे शहाणपणाचे ठरतात. डी६००सारखे काही निघाले की बिल असलेला आणि नसलेला यांचे एकाच कॅमेऱ्याबद्दलचे मत जुळणे शक्यच नाही.

आणि आपला पावसाळा. ‘वेदर सील्ड’ हा शब्द माहितीपत्रकात वाचून धबधब्याखाली उभे राहणारे कमी नाहीत. सील म्हणजे फटींना बसवलेले रबर. ते शिंतोडे आणि धूळ अडवते. किती पाणी, किती वेळ, याची हमी कंपनी देत नाही आणि पाणी शिरल्याचा खर्च वॉरंटीत बसत नाही. शिवाय बॉडीला सील असून लेन्सला नसेल तर पाणी जोडावरूनच आत जाते. कोकणात आणि मुंबईत याहून मोठा शत्रू दमट हवा. बॅगेत चार महिने बंद ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीची जाळी चढते आणि मालक कंपनीला दोष देत बसतो. हवाबंद डबा, सिलिका जेलची पुडी आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा उजेडात काढणे, एवढ्याने भागते. महागडी ड्राय कॅबिनेट ज्याच्याकडे चार-पाच लेन्स आहेत त्याने घ्यावी.

सेकंडहँड बाजारात डी६०० अजून सापडतो आणि डी६१०पेक्षा स्वस्त सापडतो, कारण नावाला लागलेला बट्टा किमतीत कायमचा धरला गेला आहे. जाणकार मुद्दाम तोच शोधतात. लग्नात दुसरी बॉडी म्हणून, एफ/२.८वर, त्याला आजही नावे ठेवायला जागा नाही. विकणाऱ्याकडे शटर बदलल्याची सर्व्हिस सेंटरची पावती मागावी. ती नसेल तर एफ/१६वर मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून तो तिथेच संगणकावर पूर्ण मोठा करून पाहावा. शटर काउंट, म्हणजे आजवरच्या क्लिकांचा आकडा, पाहून फार हुरळू नये. एका लग्नात दोन हजार क्लिक सहज होतात, म्हणजे दीड लाखाचा आकडा पंचाहत्तर लग्नांत गाठला जातो. आणि शटर बदललेल्या कॅमेऱ्यात तो आकडा नव्या शटरचा आहे की जुन्याचा, हे पावती पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.